नाद खुळा किलोमीटर

मे २००० उजाडला आणि अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. आता ते एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आलं. लगेच, ३ मेला, ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनी एक काळी बादली जमिनीत अर्धीमुर्धी पुरली. आत पुस्तकं, व्हिडिओ, गलोल आणि बीन्सचा एक टिन ठेवला आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. माइक टीग यांनी ती सगळ्यांत आधी शोधून काढली. जिओकॅशिंग हा खेळ असा सुरू झाला. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत आणि ते शोधायला हौशी लोक शेकडो किलोमीटर गाडी हाणतात.

कोल्हापुरात डबे लपवायची गरजच नाही. सातवाहनांनी, शिलाहारांनी, सह्याद्रीने आणि कोकणच्या सड्यांनी इतकं काही लपवून ठेवलंय की एमएच ०९ ची गाडी काढायची आणि शोधत सुटायचं. कुणी गड शोधतं, कुणी वीरगळ, कुणी बेडूक, तर कुणी कातळावर कोरलेला हत्ती. प्रश्न एवढाच, किती लांब जायचं? चला, मीटर शून्यावर घेऊ आणि निघू.

आधी खेळाचे नियम

• डबा सापडला की आतल्या वहीत सही करायची. आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. आणि डबा होता तिथे, होता तसाच परत लपवायचा. पुढच्याला तो शोधायचाय.

• दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं. अमेरिकेतल्या नेवाडात एका हायवेच्या कडेने याच मापाने हजाराहून जास्त डबे ठेवले गेले. लोक गाडीतून उतरतात, सही करतात, परत बसतात. पुढच्या डब्यापर्यंत गाडीचा दुसरा गिअरही पडत नाही.

• प्रत्येक डब्याला दोन गुण असतात. पहिला शोधायला किती अवघड याचा, दुसरा वाट किती अवघड याचा. १ म्हणजे सोपं, ५ म्हणजे घाम काढणारं. खालच्या ठिकाणांनाही तसेच गुण दिलेत. गुण आमचे आहेत, वाद घालायला हरकत नाही.

• जीपीएसच्याही आधी हा नाद होता. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोचणाऱ्याने त्यात आपलं कार्ड टाकायचं. एवढ्यासाठी लोक चिखल तुडवत जायचे.

• अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे चार आकडे दिले तर जागा ११ मीटरपर्यंत पक्की होते, पाच दिले तर सुमारे एका मीटरपर्यंत. कुणी ठिकाण पाठवताना दोनच आकडे दिले तर एका किलोमीटरचा घोळ ठरलेला.

० किमी : टाउन हॉलमधला समुद्रदेव

गाडी काढायच्या आधी भाऊसिंगजी रोडवरच्या टाउन हॉलमध्ये या. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी १९४० च्या दशकात खणली गेली. तिथे काशाच्या वस्तूंचा एक साठाच हाती लागला. त्यात होती ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती. सोबत रोमन घडणीची भांडी आणि आरसाही. सातवाहनांच्या काळात भूमध्य समुद्रावरचा देव जहाजाने कोकण किनाऱ्याला लागला आणि घाट चढून पंचगंगेकाठी आला. आपण कितीही गाडी पळवली तरी त्याच्या प्रवासाची बरोबरी व्हायची नाही.

ब्रह्मपुरीत सापडलेलं जपायला म्हणूनच हे संग्रहालय उभं राहिलं. कितीतरी कोल्हापूरकर समोरून रोज जातात आणि आत कधीच जात नाहीत. एकदा जाऊन या.
*शोध २, वाट १.*

१५ किमी : बीड, ता. करवीर

हे मराठवाड्यातलं बीड नव्हे, आपलं करवीर तालुक्यातलं. शिलाहारकाळाशी नातं सांगणारं जुनं गाव. पाऊस पडून जमीन धुपली की इथे लहानशी सोन्याची नाणी सापडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत आल्यात. ऐकून हात शिवशिवत असतील, तर आधी कायदा वाचा. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहाच रुपये! १८७८ मध्ये ती मोठी रक्कम होती, आकडा मात्र तोच राहिला.

नाण्यांपेक्षा मोठा खजिना इथे उघड्यावर उभा आहे, तो म्हणजे वीरगळ. लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीला उभारलेला दगड. जिल्ह्यात गावोगावी, देवळाच्या मागे, पाराखाली, कधी ओढ्याच्या काठी असे दगड भेटतात. एखादा नीट वाचायचा कसा? खालून वर. सगळ्यांत खालच्या चौकटीत वीर लढताना किंवा आडवा पडलेला दिसतो. कडेला गाई कोरल्या असतील तर समजायचं, गोधन वाचवताना गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा अर्थ. अक्षर एकही नाही, तरी पूर्ण चरित्र.

शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला नुसता हात दिसला तर ती सतीशिळा.
*शोध ३, वाट १. शेंदराखाली किंवा ऑइलपेंटखाली दगड झाकला असेल तर शोध ४.*

२० किमी : पन्हाळा, जगाच्या यादीत

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातला पन्हाळा आपल्या दारात. चहा प्यायला जागतिक वारसास्थळी जाणारं शहर म्हणजे कोल्हापूर, आणि याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण पन्हाळ्याचं खरं वेड गाडीतून उतरल्यावर लागतं. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १२ जुलै १६६० च्या रात्री भर पावसात निसटले, विशाळगडाकडे निघाले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी व बांदलांच्या सैन्याने शत्रू रोखून धरला. ती आज पावनखिंड. दर जुलैत शेकडो हौशी हीच वाट चालतात. राजदिंडीने उतरायचं, मसाई पठार ओलांडायचं, मग कुंभारवाडी, खोतवाडी, आंबेवाडी करत पांढरेपाण्यापर्यंत. जवळजवळ पन्नास किलोमीटर आणि बहुतेकांना दोन दिवस लागतात. महाराज आणि त्यांचे मावळे ते एका रात्रीत आणि पुढच्या दिवसात गेले. तेही पाठलाग अंगावर घेऊन. गुडघाभर चिखलात पाय रुतला की ही गोष्ट पुस्तकात वाचल्यापेक्षा जास्त कळते.

इथे गाडीवाल्यांपुढे मोठं कोडं असतं. गाडी पन्हाळ्यावर लावली तर आपण दुसऱ्या दिवशी पावनखिंडीत, आणि गाडी मागे पन्नास किलोमीटरवर. म्हणून जाणते लोक गाडी घरीच ठेवतात. येताना-जाताना एसटी किंवा सगळ्यांत मिळून ठरवलेली ट्रॅक्स.
*शोध १, वाट ४. जुलैत ४ च्या वर.*

६० किमी पूर्वेला : नंदी कुठे गेला?

नरसोबाची वाडी, कुरुंदवाड करत कृष्णेकाठी खिद्रापूरला पोचा. कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही. ४८ खांब आणि वर आभाळाचा गोल तुकडा. त्याच्या बरोबर खाली तेवढाच गोल दगड जमिनीत बसवलाय. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलावर येतो तेव्हा तो पाहायला कोल्हापूर-सांगलीहून गाड्यांची रांग लागते.

देवळाच्या बाहेर भिंतीच्या तळाशी ओळीने हत्ती कोरलेत. प्रत्येकाची झूल वेगळी, पाठीवरचा स्वार वेगळा. ओणवं होऊन एकेक बघत गेलात तर अर्धा तास कुठे गेला कळत नाही.

आणि इथलं कोडं? महादेवाचं देऊळ आहे, पण समोर नंदीच नाही. लोक सांगतात, इथला नंदी नदीपलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे. मग काय, हौशी मंडळी खिद्रापूर बघून थेट यडूरला गाडी वळवतात. देव महाराष्ट्रात, नंदी कर्नाटकात. परतीला वाडीची बासुंदी घ्यायला विसरू नका.
*शोध २, वाट १.*

६० किमी उत्तरेला : नकाशावरचा चौक

हा नाद जिओकॅशिंगचा सख्खा भाऊ आहे. ॲलेक्स जॅरेट या अमेरिकी तरुणाने १९९६ मध्ये एक उपक्रम सुरू केला. जिथे पूर्ण अंशाचा अक्षांश आणि पूर्ण अंशाचा रेखांश एकमेकांना छेदतात, त्या बिंदूवर जायचं, आजूबाजूचे फोटो काढायचे, यंत्रावरचा शून्यांची रांग असलेला आकडा टिपायचा. बिंदूपासून शंभर मीटरच्या आत पोचलात की झालं. बक्षीस नाही, डबा नाही. तरी जगभर लोक त्यासाठी शेतं, वाळवंटं आणि डोंगर तुडवतात. पृथ्वीवर कुठेही उभे राहा, असा एक बिंदू ७९ किलोमीटरच्या आत असतोच.

कोल्हापूर आहे साधारण १६.७ अंश उत्तर, ७४.२४ अंश पूर्व. म्हणजे आपण चार बिंदूंच्या चौकोनात राहतो. चारही कोपरे बघा :

• १७ उत्तर, ७४ पूर्व. शिराळा तालुक्यात कोकरूडच्या आसपास, वारणेच्या खोऱ्यात. सरळ रेषेत ४२ किलोमीटर, पण मलकापूरमार्गे गाडीने साठ. आपला सगळ्यांत जवळचा कोपरा.

• १६ उत्तर, ७४ पूर्व. आंबोलीच्या उत्तरेला चारेक किलोमीटर. पावसाळ्यात इथे यंत्राचा पडदाही दिसत नाही इतकं धुकं असतं.

• १७ उत्तर, ७५ पूर्व. कवठेमहांकाळ आणि जत यांच्या मधल्या दुष्काळी माळावर. आंबोलीजवळच्या कोपऱ्यात पाऊस मोजायला मोजपट्टी अपुरी पडते आणि इथे एकेका पावसाची वाट बघतात. दोन्ही कोपरे कोल्हापूरपासून सरळ रेषेत मात्र ८०-९० किलोमीटरवरच.

• १६ उत्तर, ७५ पूर्व. कर्नाटकात, सौंदत्तीच्या उत्तरेला यरगट्टीच्या बाजूला. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूरचे भाविक दरवर्षी मार्गशीर्षात गाड्या भरभरून जातात. म्हणजे वाट पाठ आहे, वळायचं तेवढं बाकी.

चार दिशांना चार मुलूख : खोरं, घाट, माळ आणि काळी माती. एकाच शहरातून हे चारही गाठता येतात, हे आपलं भाग्य. बिंदू कुणाच्या तरी शेतात पडतो तेव्हा बांधावर थांबून मालकाला विचारायचं. ऊस उभा असेल तर तोडणी होईपर्यंत दम धरायचा.
*शोध ३, वाट ३.*

धावते थांबे

• गगनबावडा, ५५ किमी. जिल्ह्यातला सगळ्यांत जास्त पाऊस इथला. एकाच गावातून दोन घाट कोकणात उतरतात. करूळ घाट वैभववाडीकडे, भुईबावडा घाट खारेपाटणकडे. एकाने उतरा, दुसऱ्याने चढा.

• दाजीपूर, ८० किमी. राधानगरी अभयारण्य म्हणजे १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलेलं जंगल, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग. गवा हा जगातला सगळ्यांत मोठा रानबैल. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. तो रस्त्यात उभा असेल तर हॉर्न वाजवायचा नाही, इंजिन बंद करून थांबायचं.

• कास पठार, १४५ किमी. साडेआठशेहून जास्त जातींच्या फुलझाडांचं माहेर. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. त्या वर्षीचा हंगाम चुकला तर पुढची सात वर्षं थांबा. जायच्या आधी बुकिंग करावं लागतं.

११५ किमी : आंबोली, रात्री दहानंतर

बाकीचे पर्यटक धबधब्याखाली भिजून संध्याकाळी परततात तेव्हा बेडूकवेड्यांचा दिवस सुरू होतो. जून ते ऑगस्ट हा त्यांचा हंगाम. रेनकोट, गमबूट, डोक्याला विजेरी. पावसाचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण बेडकांचं येतं.

विजेरीचा झोत पाण्यावर वाकलेल्या फांदीवर जातो. पानांत पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला असतो. ते मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं घरटं. फेसात अंडी सुरक्षित राहतात. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती थेट खालच्या पाण्यात टपकतात. म्हणून घरटं नेहमी पाण्याच्या बरोबर वर बांधलेलं. जागेची एवढी अचूक निवड, तीही यंत्राशिवाय! बेडूक स्वतः पानासारखा हिरवा. झेप घेतली की बोटांमधले नारिंगी-लाल पडदे छत्रीसारखे उघडतात आणि तो तरंगत दुसऱ्या झाडावर जातो.

आंबोली टोड तर २००९ मध्ये शास्त्रात नोंदला गेला आणि तो या परिसरापुरताच आहे. २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात माशाची नवी जात मिळाली. तिचं नाव स्किस्तुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी सरकारने त्या जागेला जैविक वारसास्थळ म्हणून संरक्षण दिलं. देवळाच्या कुंडातले मासे न धरण्याची गावाची जुनी रीत शास्त्राच्या कामी आली. हीच हिरण्यकेशी पुढे आजरा-गडहिंग्लजला पाणी देते. म्हणजे हा मासा कोल्हापूरकरांचा वरच्या अंगाचा शेजारीच.

एक कळकळीची विनंती. पावसाळ्यात रात्री आंबोलीच्या रस्त्यावर वेग वीसवर आणा. बेडूक, साप, खेकडे सगळे डांबरावर येतात. जे बघायला शंभर किलोमीटर आलो, ते आपल्याच चाकाखाली जाऊ नये.
*शोध ४, वाट २.*

१२० किमी : जिथे होकायंत्र चुकतं

अणुस्कुरा घाट उतरून ओणी, तिथून राजापूर. तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळांवर, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रं कोरून ठेवलीत. हीच कातळशिल्पं. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी गुराख्यांना, गावकऱ्यांना विचारत, सडे पालथे घालत यांची मोठी शोधमोहीम केली. आजवर दीड हजारांहून जास्त आकृत्या उजेडात आल्या आहेत. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. आठ महाराष्ट्रातल्या, एक गोव्यातली.

• कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. याच कशेळीत कनकादित्याचं देऊळ आहे आणि तिथे पन्हाळ्याचा शिलाहार राजा भोज दुसरा याचा ताम्रपट. कोल्हापूरची गाडी पोचायच्या आठशे वर्षं आधी पन्हाळ्याचं दानपत्र इथे पोचलं होतं.

• बारसूच्या सड्यावर मधे माणूस आणि दोन बाजूंना वाघ.

• देवाचं गोठणं हे हौशींचं सगळ्यांत आवडतं. इथल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते. मोबाइलमधलं होकायंत्रही चुंबकावरच चालतं, त्यामुळे तेही फसतं. पण अक्षांश-रेखांश बिनचूक राहतात, कारण ते वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येतात. एकाच फोनमधली दोन यंत्रं इथे एकमेकांशी भांडतात. मुलांना सोबत घेऊन जा. चुंबकत्वाचा धडा यापेक्षा चांगला कुठे मिळायचा नाही.

पावसाळ्यानंतर सड्यावर गवत वाढतं आणि रेघा झाकतात. डिसेंबरपासून पुढे या. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात रेघांवर सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी तीच जागा कोरी वाटते. आणि रेघ नीट दिसावी म्हणून तिच्यात खडू भरू नका, बूट घालून चित्रावर चालू नका.
*शोध ४, वाट २.*

एका दिवसात कुठवर?

साधा हिशोब. घाटरस्त्याने ताशी चाळीसचा वेग धरा. पहाटे पाचला निघून रात्री आठला घरी यायचं तर हातात पंधरा तास. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर म्हणजे साडेसात तास गाडीत. खाणं-पिणं दीड तास. शोधायला उरले सहा. म्हणून एका बाजूला १५० किलोमीटर ही रविवारच्या भटक्याची लक्ष्मणरेषा. त्यापुढे मुक्काम हवा.

खर्च? लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी ३०० किलोमीटरला २० लिटर पिते. चौघांत वाटली तर माणशी पाच लिटर. शिवाय डिकीत जयसिंगपूरचं भडंग.

या रेषेच्या आत-बाहेर युनेस्कोच्या बारा किल्ल्यांपैकी पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग एवढे तीन बसतात. उरलेल्या नऊंना दम लागतो.

८५० किमी : जिंजी

बारापैकी महाराष्ट्रातला आपल्याला सगळ्यांत लांबचा साल्हेर. नाशिक जिल्ह्यात, साधारण ५५० किलोमीटर. १,५६७ मीटर उंचीचा हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं ते याच्याच पायथ्याला.

पण बारावा किल्ला तमिळनाडूत आहे. जिंजी. कोल्हापूरहून बेंगळुरू, कृष्णगिरी, तिरुवण्णामलै करत साडेआठशे किलोमीटरच्या घरात. गडवेड्या कोल्हापूरकराने ही वाट एकदा तरी करावी, आणि त्याला कारण आहे. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, रायगडाला मोगलांचा वेढा पडलेला असताना राजाराम महाराज तिथून निसटून पन्हाळ्यावर आले. सप्टेंबर १६८९ अखेर त्यांनी पन्हाळाही सोडला आणि वेश पालटून दक्षिणेकडे निघाले. मोगल मागावर होते. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी आश्रय दिला आणि त्याची किंमत मोगलांचा हल्ला सोसून मोजली. नोव्हेंबरात महाराज जिंजीला पोचले. पुढची आठ वर्षं स्वराज्याचा कारभार तिथून चालला, आणि किल्ला मोगलांच्या हाती लागला तेव्हा महाराज आधीच बाहेर पडले होते.

म्हणजे युनेस्कोच्या यादीतले पन्हाळा आणि जिंजी एका राजाच्या प्रवासाने जोडलेले आहेत. जिंजीच्या राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रायणदुर्ग या तीन टेकड्या आणि त्यांना कवेत घेणारा तट बघताना ही गोष्ट माहीत असली पाहिजे. आज चौपदरी रस्त्याने ती वाट दोन दिवसांची. राजाराम महाराजांना सव्वा महिना लागला.
*शोध १, वाट ४. राजगिरीच्या पायऱ्या उन्हात चढायच्या नाहीत.*

आणि अगदीच लांब

जिओकॅशिंगचा एक डबा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आहे. रिचर्ड गॅरियट यांनी २००८ मध्ये तो तिथे नेला. उंची सुमारे ४०० किलोमीटर. म्हणजे कोल्हापूर ते मुंबई एवढंच अंतर, फक्त सरळ वर. नासाच्या पर्सिव्हरन्स यानावर तर या खेळाचं एक शोधचिन्ह मंगळावर पोचलंय.

निघण्यापूर्वी

• जून ते ऑगस्ट : आंबोलीचे बेडूक, जुलैत पावनखिंड.
• सप्टेंबर-ऑक्टोबर : कास आणि मसाई पठाराची फुलं.
• नोव्हेंबर : त्रिपुरीला खिद्रापूर. ९, १०, ११ तारखांना अंबाबाईचा किरणोत्सव घरच्या घरी.
• डिसेंबर ते फेब्रुवारी : कातळशिल्पं, नकाशाचे चार कोपरे, मुक्कामी जिंजी.
• नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. घाटात रेंज जाते, उपग्रह जात नाहीत.
• गावात शिरल्यावर आधी पारावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. वीरगळ कुठे, हे त्यांच्याइतकं कुठल्याच यंत्राला माहीत नसतं. राम राम घाला, चहाला नाही म्हणू नका.
• जागा सापडली, पण ती नाजूक असेल, तर अचूक आकडा सगळीकडे पाठवू नका. बेडकाचं तळं आणि उघडा पडलेला वीरगळ गर्दीने मरतात.

गाडीचा मीटर डांबर मोजतो. हौशी माणसाचा खरा प्रवास शेवटच्या शंभर मीटरचा असतो, जिथे रस्ता संपतो आणि डोळे उघडे ठेवावे लागतात. त्या शंभर मीटरसाठी शंभर किलोमीटर जाणं हा उधळेपणा नाही, ती आपल्या मुलखावरची माया आहे. आणि त्या बादलीवाल्या खेळाचा पहिला नियम कोल्हापूरकरानेही पाळावा : सापडलेलं डोळे भरून बघावं, वहीत नोंदवावं, आणि पुढच्यासाठी जिथल्या तिथे ठेवून यावं.